तारीख तपासणारे टिळक

टिळक म्हटलं की आपल्याला शेंगांची टरफलं आठवतात. पण भोर-वेल्ह्यातल्या पोरापोरींना त्यांची आणखी एक गोष्ट माहीत हवी. ती आपल्या भोर तालुक्यातल्या कारी गावाशी जोडलेली आहे.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. १८७७ मध्ये ते डेक्कन कॉलेजातून बीए झाले. विषय गणित. पुढे ‘केसरी’, चळवळ, तुरुंग सगळं आलं, पण गणिताचा नाद सुटला नाही. १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात त्यांनी नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला.

१८९६ मध्ये रायगडावर शिवउत्सव भरला, त्यात टिळक पुढे होते. तेव्हा महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे १६२७ चा, असंच बहुतेक जण धरून चालायचे. आधार बखरींचा. पण बऱ्याच बखरी खूप नंतर लिहिलेल्या, आणि त्यांचं आपसातही जमत नाही. १९०० मध्ये टिळकांनी ‘केसरी’त हा प्रश्न उघडपणे चर्चेला घेतला. ज्यांनी उत्सव उभा केला, त्यांनीच तारखेवर शंका घेतली!

कारीचे जेधे देशमुख म्हणजे कान्होजी जेध्यांचं घराणं. त्यांच्या घरातली जुनी शकावली टिळकांच्या हाती आली. मंडालेच्या तुरुंगातून १९१४ मध्ये सुटून आल्यावर, १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात जन्म दिलाय फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. सोबत वार आणि नक्षत्रही. त्यामुळे गणिताने ताळा करता येतो, आणि त्या दिवशी खरंच शुक्रवार येतो.

पण ताळा जुळला म्हणजे सगळं सिद्ध झालं असं नाही. दुसरा, वेगळा पुरावा लागतो. तो परमानंदांच्या ‘शिवभारता’त मिळाला. तिथेही तीच तिथी आहे. ते १९२७ मध्ये छापलं गेलं. टिळक १ ऑगस्ट १९२० लाच गेले होते.

आता तोरणा चढताना हिशेब करून बघा. गड घेतला तेव्हा राजांचं वय, जुन्या तारखेपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी कमी भरतं. शंका घेतल्याने राजे लहान झाले नाहीत. उलट त्यांचा पराक्रम आणखी कोवळ्या वयातला ठरला.