ब्राउनिंगची माशी

एनसीसीत आहात? मग फायरिंगचा पहिला दिवस आठवा. जमिनीवर पालथं पडायचं, पॉइंट टू टू रायफल खांद्याला लावायची, एक डोळा मिटायचा आणि मागच्या साइटमधून पुढची टिप बघायची. टार्गेट थोडं धुरकट दिसलं तरी चालेल, टिप मात्र स्पष्ट दिसायला हवी, हे उस्ताद दहा वेळा सांगतात आणि दोन-चार राउंड भलतीकडे गेल्यावरच ते आपल्याला पटतं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. इथे तर गोष्टी तीन : नाकासमोरची साइट, हातभर पुढची टिप आणि लांबचं टार्गेट.

या टिपेला आपला जुना शब्द आहे माशी. नेमालाही एक जुना शब्द आहे, शिस्त. हो, घरी जिच्यावरून बोलणी बसतात तीच. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत आधी बंदुकीच्या आणि तोफेच्या नेमासाठी वापरला जायचा.

आज ज्याच्याबद्दल सांगायचंय, त्याने आयुष्यभर बंदुका, पिस्तुलं आणि त्यांच्यावरच्या खाचा-माश्या घडवल्या. जॉन मोझेस ब्राउनिंग. माणूस अमेरिकेचा, पण मुलुंड सोडलं की लागणाऱ्या पुढच्याच स्टेशनाशी त्याच्या नावाचा एक धागा जोडलेला आहे. त्याकडे येऊच.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, यूटामधल्या ऑग्डेन गावातला. वडील जोनाथन बंदुका बनवायचे आणि दुरुस्त करायचे. दुकानाच्या मागे भंगाराचा ढीग पडलेला असायचा. दहा वर्षांच्या जॉनने त्यातली एक मोडकी नळी आणि लाकडाचा तुकडा जोडून बंदूक केली. चाप नव्हताच. नेम जॉनने धरायचा आणि धाकट्या मॅटने पेटत्या काडीने बार उडवायचा, असा जुगाड. दोघांनी त्या बंदुकीने पक्षी पाडून घरी नेले म्हणतात. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्याची शाळा सुटली. इंजिनीअरिंगची डिग्री वगैरे प्रश्नच नव्हता. यंत्र आधी डोक्यात पूर्ण फिरवून बघायचं आणि मग थेट धातूला कानस लावायची, ही त्याची पद्धत शेवटपर्यंत राहिली.

१८७९ मध्ये त्याचं लग्न झालं, वडील गेले आणि पहिलं पेटंटही मिळालं. ती एकबारी रायफल भावांनी मिळून गावातच बनवून विकली. तिची एक प्रत विंचेस्टर कंपनीच्या हाती लागली आणि १८८३ मध्ये कंपनीने तिचे हक्क ८ हजार डॉलरला विकत घेतले. पुढची एकोणीस वर्षं तो त्यांना डिझाइन विकत राहिला. त्यातली बरीच कधी बाजारात आलीच नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या हाती लागू नयेत म्हणून विंचेस्टरने ती घेऊन ठेवून दिली.

१८८९ मध्ये एका नेमबाजीच्या वेळी त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक बारासरशी नळीच्या तोंडापुढचं गवत वाकतंय. गवत आधीही वाकायचं, सगळ्यांसमोर वाकायचं. पण तो वाया जाणारा वायूच पुढची गोळी भरण्याच्या कामाला लावता येईल, हे त्याला सुचलं. त्यातून त्याची स्वयंचलित शस्त्रं आली.

पिस्तुलांचं बरंच काम मात्र त्याने बेल्जियममधल्या एफएन कारखान्यासाठी केलं. पिस्तुलाच्या नेमाची अडचण काय असते, ते आकड्यांत बघा. खाच आणि माशी यांत १५ सेंटिमीटर अंतर आहे आणि माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकलेली आहे असं धरा. १५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. रायफलवर हेच अंतर ६० सेंटिमीटर असेल, तर तीच चूक अडीच सेंटिमीटरवर निभावते. (गोळी उजवीकडे जातेय? मग मागची खाच डावीकडे सरकवायची. माशी सरकवणार असाल तर उलट, उजवीकडे. कागदावर रेघ काढून बघा, नाहीतर डोकं फिरेल.) मग पिस्तुलाची माशी मोठी, ठळक का नाही करायची? कारण ती खिशात अडकते. ज्या घाईच्या क्षणी पिस्तूल बाहेर काढायचं, नेमकी तेव्हाच अडकते.

१९०० च्या पिस्तुलात ब्राउनिंगने जे केलं, ते मला त्याचं सर्वांत हुशार काम वाटतं. पिस्तूल चढवलेलं नसेल, तर आतली एक तरफ वर येऊन मागची खाचच झाकते. नेम धरायला गेलात तर माशी दिसतच नाही. म्हणजे जी जागा नेमासाठी, तीच जागा पिस्तूल तयार नाही हेही सांगते. वेगळा भाग नको, वेगळी खूण नको. १९१० च्या मॉडेलमध्ये तो आणखी पुढे गेला : वरच्या बाजूला लांबट खोबणी करून खाच आणि माशी दोन्ही तिच्या आत दडवली. खिशात काहीच अडकणार नाही. नेम धरायला ती फारशी चांगली नाही, पण ते पिस्तूल टार्गेटवरच्या मार्कांसाठी नव्हतंच.

मग ते कशासाठी होतं? जवळच्या अंतरासाठी. समोरच्या माणसासाठी. इथे आपण ठाण्याला येतो.

एफएनची ही पिस्तुलं युरोपभर इतकी खपली, की ब्राउनिंग हे माणसापेक्षा पिस्तुलाचं नाव झालं. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात संगीत शारदाचा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग झाडलं. अंतर इतकं कमी, की खाच-माशीची गरजच नव्हती. कान्हेरे तेव्हा औरंगाबादला शिकत होते, वय अठराच्या आसपास. तुमच्या एफवाय-एसवायचं. १९ एप्रिल १९१० ला त्यांना कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

चार वर्षांनी, २८ जून १९१४ ला, सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या आणि महायुद्धाची ठिणगी पडली. तेही पिस्तूल ब्राउनिंगचंच, खोबणीतल्या माशीचं १९१० चं मॉडेल. प्रिन्सिप तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याच वर्षी बेल्जियमच्या राजाने ब्राउनिंगला मानाचा किताब दिला.

तुम्ही मेकॅनिकलला असाल किंवा डिझाइन शिकत असाल, तर इथे थोडं अडखळाल. मीही अडखळतो. ब्राउनिंगला दोष द्यावा, तर त्याचीच शिकारी बंदूक कुणाच्या घरी जेवण आणत होती. सोडून द्यावा, तर खिशात लपवता यावं म्हणून माशी खोबणीत बसवणाऱ्याला ती कशासाठी लपवायची हे ठाऊक नसेल, असंही म्हणवत नाही.

पैशाच्या बाबतीत तो वेगळा निघाला. १९०२ मध्ये त्याने स्वयंचलित शॉटगनसाठी प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली, विंचेस्टरने नाही म्हटलं आणि तो चालता झाला. रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर बाहेर वाट बघत असतानाच अध्यक्ष हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. शेवटी ती बंदूकही एफएनकडेच गेली. पण महायुद्धात अमेरिकी सरकारने त्याची डिझाइन वापरायला घेतली, तेव्हा रॉयल्टीने कितीतरी पट मिळाले असते, तरी साडेसात लाख डॉलरच्या एकरकमी सौद्यावर तो राजी झाला.

त्याचं सैन्यासाठीचं १९११ चं पिस्तूल चाचणीत ६ हजार गोळ्या न अडकता चाललं. तरी त्याची माशी बारीकच होती. पुढे सैन्याने त्यात मोजके बदल केले, त्यात माशी जाड करणं हा एक होता.

२६ नोव्हेंबर १९२६ ला लिएजच्या एफएन कारखान्यात, मुलगा व्हॅलच्या डिझाइन ऑफिसात काम करतानाच ब्राउनिंगचं हृदय थांबलं. वय ७१, नावावर १२८ पेटंट. हातातलं पिस्तूल अर्धवट होतं. एफएनच्या द्यूदोने सेव्हने ते १९३५ मध्ये पूर्ण केलं. त्याच्या एका प्रकारावर ५०० मीटरपर्यंतचे आकडे असलेली सरकती खाच बसवली होती. पिस्तुलावर, ५०० मीटर! विकणाऱ्यांचा उत्साह, दुसरं काय.

त्याच पिस्तुलाचा भारतीय अवतार बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होतो. आपल्या सैन्याचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल ते हेच. शस्त्रांच्या प्रदर्शनात कधी हातात घ्यायला मिळालं, तर आधी वरून बघा : मागे खाच, पुढे माशी.