पूज्य फादर ऑगस्टस टॉल्टन

ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही आमच्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींपुढें एका दूरदेशच्या धर्मगुरूंचें चरित्र ठेवीत आहों.

अमेरिकेच्या मिझुरी प्रांतांत ब्रश क्रीक येथें १ एप्रिल १८५४ रोजीं ऑगस्टस यांचा जन्म झाला. आईबाप कॅथलिक, पण गुलाम. त्यांचे धनीही कॅथलिकच. स्नानसंस्काराच्या वेळीं धनीण त्या बालकाची धर्ममाता झाली, आणि तरीही तें बालक त्या घराची मालमत्ताच राहिलें! यादवी युद्धांत पिता निघून गेला, तो परतला नाहीं. १८६२ सालीं माता मार्था जेन तीन लेकरांसह मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉय प्रांतांतील क्विन्सी शहरीं पोहोंचली. तेथें लहानग्या ऑगस्टसनें तंबाखूच्या कारखान्यांत काम केलें. एका शाळेंत गोऱ्या पालकांच्या विरोधामुळें त्याला राहतां आलें नाहीं; परंतु फादर पीटर मॅगिर ह्या आयरिश धर्मगुरूंनीं आपल्या शाळेचें दार त्याला उघडलें.

पुढें त्याला धर्मगुरु होण्याची ओढ लागली. बुद्धि होती, भक्ति होती, आचरण निर्मळ होतें; पण अमेरिकेंतील एकाही सेमिनरीनें त्याला घेतलें नाहीं. आड आला तो केवळ वर्ण. अखेर १८८० मध्यें तो रोमच्या प्रोपगांडा विद्यालयांत गेला, आणि २४ एप्रिल १८८६ रोजीं सेंट जॉन लॅटरन महामंदिरांत त्याला गुरुदीक्षा मिळाली. आपणांस आफ्रिकेंत धाडतील, असें फादर टॉल्टन यांस वाटत होतें. रोमनें मात्र त्यांस नाकारणाऱ्या देशांतच पाठविलें.

क्विन्सी येथें त्यांच्या मिस्सेला काळे-गोरे दोघेही येऊं लागले. हें शेजारच्या एका गोऱ्या धर्मगुरूस साहवलें नाहीं. फादर टॉल्टन यांनीं कलह वाढविला नाहीं. १८८९ मध्यें ते शिकागोस गेले. तेथें ते गरिबांच्या खोल्यांतून हिंडले, आजाऱ्यांस संस्कार दिले आणि सेंट मोनिका चर्च उभारूं लागले. १८९४ मध्यें तेथें उपासना सुरू झाली. ९ जुलै १८९७ रोजीं, उन्हाच्या तडाख्यानें, अवघ्या ४३ व्या वर्षीं त्यांनीं आपला आत्मा प्रभूच्या हातीं दिला. २०१९ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस पूज्य म्हणून घोषित केलें.

ही गोष्ट केवळ परदेशची समजूं नये. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रु यांसही याजकपदासाठीं रोमची वाट धरावी लागली. १६३७ मध्यें ते बिशप झाले. मग आम्ही आज वेदीचे सेवेकरी, संघांचे प्रमुख, समितीचे सभासद निवडतांना कोणतें माप लावतों? चर्चचा पुढारी शुद्ध आचाराचा हवा, यांत शंका नाहीं. पण माप सर्वांस एकच असावें. कुळास व पैशास सूट, आणि गरिबाच्या लेकरास मात्र कठोर परीक्षा, हा न्याय प्रभूचा नव्हे. ह्या दोषापासून आम्ही धर्मगुरूही सदैव मुक्त राहिलों, असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

आमच्या दाराशीं आज कोणता ऑगस्टस उभा आहे, हें ओळखून दार उघडण्याची कृपा पवित्र मरियामातेच्या मध्यस्थीनें आम्हां सर्वांस लाभो. आमेन.