बाबासाहेब आणि आईबाप वेगळे झालेल्या लेकरांचा कायदा

भीमराव लहान असतानाच भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. पुढे बाबासाहेब आणि रमाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. बाळाचे हाल घरातच पाहिलेला हा बाप १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकामागे उभा राहिला.

१९४७ ला कायदामंत्री झाल्यावर त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. आपण त्यातले वारसा आणि घटस्फोट एवढेच आठवतो. पोटगी, दत्तक आणि अज्ञान मुलांचे पालकत्वही त्यातच होते. घटस्फोटाने संस्कृती बुडेल म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले, की बहुसंख्य कष्टकरी जातींत काडीमोड पूर्वीपासून चालतच आली आहे. (आपल्या आज्यांना हे वेगळे सांगायला नको!) पण पोर कोणाकडे राहणार, त्याला पोसणार कोण, हे पंचांच्या मर्जीवर. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

नंतर तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी आले. विवाह कायदा १९५५ ला, पालकत्वाचा २५ ऑगस्ट १९५६ ला. दत्तक व पोटगीचा कायदा आला २१ डिसेंबर १९५६ ला, महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी.

आपण बौद्ध, मग हिंदू कायदा आपल्याला कसा, असे ठाणे-कल्याणची पोरे विचारतात. प्रश्न रास्त आहे, स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणीही जुनी आहे. पण आज या तिन्ही कायद्यांत बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. सासर कुठलेही असो, डोंबिवलीला माहेरी परतलेल्या बहिणीला ती राहते त्या हद्दीच्या न्यायालयात घटस्फोटाची याचिका करता येते. पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे राहते. त्यापुढे न्यायाधीश मुलाचे हित बघतात. ताबा आईकडे गेला म्हणून बापाची पोटगी सुटत नाही, आणि बापाला भेटीची वेळ मागता येते. खटला चालू असतानाच अंतरिम पोटगी मागावी, शाळेचा खर्च वाढला तर आदेश बदलून घ्यावा. निकालाची वाट बघत बसलेल्या किती जणींना हे कोणी सांगितलेलेच नसते.

पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये मात्र आजही आधी बाप, त्याच्यानंतर आई. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ बापाच्या गैरहजेरीत असा लावला. कलमाचे शब्द अजून तसेच आहेत.