रोझलिंड फ्रँकलिन आणि लोणारी कोळसा

रोझलिंड फ्रँकलिन म्हटले की डीएनए आणि त्यांच्यावर झालेला अन्याय, एवढेच बहुतेकांना आठवते. आम्ही मात्र येथे त्यांच्या कोळशाविषयी लिहिणार आहोत. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचा पहिला लौकिक झाला तो कोळशामुळेच.

जन्म २५ जुलै १९२०, लंडनच्या सुखवस्तू ज्यू घराण्यात. केंब्रिजचे शिक्षण संपले तेव्हा महायुद्ध चालू होते. १९४२ मध्ये त्या कोळशावर संशोधन करणाऱ्या संस्थेत लागल्या. दगडी कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत हेलियम वायू शिरतो, पण मोठे रेणू अडतात. म्हणजे कोळसा ही रेणूंची चाळणीच. याच अभ्यासावर १९४५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

१९४७ मध्ये त्या पॅरिसला गेल्या. तेथे झाक मेरिंग यांच्याकडे क्ष-किरण विवर्तन शिकल्या. स्फटिकातून क्ष-किरण गेले की फिल्मवर रेखीव खुणा उमटतात. कोळशातून गेले की नुसती पसरट, धूसर कडी. पुष्कळांनी तो नाद सोडला असता. बाईंनी त्या धूसरपणाचेच मोजमाप केले, आणि कार्बनचे थर केवढे व किती एकावर एक रचलेले आहेत याचा हिशेब मांडला.

१९५१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. काही कार्बन तापवले की त्यांचे थर सरकून जुळतात आणि ग्राफाइट, म्हणजे शिसपेन्सिलीतला पदार्थ, तयार होतो. साखर जाळून केलेला कोळसा मात्र ३००० अंशांपर्यंत तापवला तरी तसा होत नाही. त्यातले थरांचे चिमुकले गठ्ठे वाटेल त्या दिशांना तोंडे करून असतात, एकमेकांना घट्ट बांधलेले. मध्ये बारीक पोकळ्या. आपल्या आजीच्या शेगडीतला लोणारी कोळसाही याच जातीचा.

डीएनएचे काम त्यानंतरचे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांच्या देखरेखीखाली १९५२ मध्ये निघालेले छायाचित्र त्यांच्या नकळत वॉटसन यांना दाखवले गेले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण त्यांना केवळ दुर्दैवी स्त्री ठरवणे आम्हाला पटत नाही. त्या धूसर कड्यांतून अर्थ काढणारा हात डीएनएकडे वळला, तो आधीच तयार झालेला होता.

पुढे बर्कबेक कॉलेजात त्यांनी विषाणूंची रचना अभ्यासली. १६ एप्रिल १९५८ रोजी कर्करोगाने त्या गेल्या, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. त्यांनी केलेली कार्बनची विभागणी आजही रूढ आहे. सोडियम-आयन बॅटरीत वापरतात तो ‘कठीण कार्बन’ ग्राफाइट न होणाऱ्या जातीचाच.