हवाईची शेवटची राणी

आमच्या घरात कागदावर सही करणारा मी पहिलाच. आजोबांनी एकदा एका कागदावर अंगठा उठवला आणि ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा गेला. त्यात काय लिहिले होते ते त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. म्हणूनच की काय, ग्रंथालयात हवाईची राणी लिलिउओकलानी हिचे चरित्र वाचताना मी त्यातल्या सह्यांपाशीच थांबत गेलो.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचे राज्य स्वतंत्र होते. १८४३ साली इंग्लंड व फ्रान्स यांनी ते मान्यही केले होते. लिलिउओकलानीचा जन्म २ सप्टेंबर १८३८ रोजी होनोलुलूत झाला. मिशनऱ्यांच्या शाळेत ती इंग्रजी शिकली. संगीताची तिला उत्तम जाण होती. तिने रचलेली गीते आजही गायली जातात.

अमेरिकन मिशनऱ्यांच्या पुढच्या पिढीतले कित्येकजण मात्र उसाच्या मळ्यांकडे आणि राजकारणाकडे वळले. १८७५ च्या करारानुसार हवाईची साखर जकातीशिवाय अमेरिकेत जाऊ लागली आणि सारे राज्य एका पिकावर व एका गिऱ्हाइकावर विसंबले. १८८७ मध्ये या मंडळींनी शस्त्रांच्या धाकाने राजा कालाकौआ याची नव्या राज्यघटनेवर सही घेतली. हा राणीचा भाऊ. राजाचे अधिकार गेले, वरिष्ठ सभागृहासाठी गरीब हवाईयनांचे मत गेले, आशियाई मजुरांना तर मतच उरले नाही.

जानेवारी १८९१ मध्ये भाऊ वारला व ती गादीवर आली. १८९३ च्या जानेवारीत तिने प्रजेचे हक्क परत देणारी घटना आणू पाहताच विरोधक उठले. अमेरिकन वकिलाच्या सांगण्यावरून ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरील दीडशेहून अधिक सैनिक शहरात उतरले. रक्तपात टाळण्यासाठी १७ जानेवारीला राणीने सत्ता सोडली. पण निषेध नोंदवून तिने ती बंडवाल्यांच्या नव्हे, तर अमेरिकेच्या स्वाधीन केली. तीही चौकशी होऊन राज्य परत मिळेपर्यंतच! चौकशी झाली, अमेरिकन वकील दोषी ठरला. राज्य मात्र परत मिळाले नाही.

१८९५ मध्ये तिच्या पक्षाचा उठाव फसला. पकडलेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून तिने राज्यत्यागाच्या कागदावर सही केली. स्वतःच्याच राजवाड्यातील एका खोलीत ती सुमारे आठ महिने कैदेत होती.

१८९७ मध्ये विलीनीकरणाचा करार पुढे आला, तेव्हा एकवीस हजारांहून अधिक हवाईयनांनी विरोधी अर्जावर सह्या केल्या. सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते जमेनात, करार अडला. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध पेटले आणि जे कराराने साधले नाही ते साध्या बहुमताच्या ठरावाने साधून घेतले. १२ ऑगस्ट १८९८ रोजी हवाईचा झेंडा उतरला. ११ नोव्हेंबर १९१७ रोजी राणी वारली.

राणी शिकलेली होती, प्रत्येक शब्द जोखून लिहिणारी होती. तरीही राज्य गेले. मग शिकून काय उपयोग, असे क्षणभर वाटले. परंतु १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून हवाईयनांची माफी मागितली, तेव्हा राणीचा तो निषेध त्या ठरावात उद्धृत करावा लागला. शंभर वर्षांनीही तिची बाजू कागदावर शाबूत होती.

आमच्या ओढ्याकाठच्या तुकड्याविषयी आजोबांची बाजू कोठेच लिहिलेली नाही. येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्यायचे मी ठरवले आहे.