शंकेवर मात करणारी पावले

परिश्रम करताना शरीर थकते, हे खरे. परंतु पुष्कळदा शरीराच्या आधी मन थकते. हे आपल्या हातून होणार नाही, अशी शंका मनात एकदा शिरली की पावले जड होतात. या शंकेवर मात कशी करावी हे ज्याच्या जीवनातून शिकावे, असा एक धावपटू विसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव एमिल झाटोपेक.

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी तत्कालीन झेकोस्लोव्हाकियात एका सुताराच्या घरी झाला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे कोवळ्या वयातच तो झ्लिन या गावी बाटा कंपनीच्या पादत्राणांच्या कारखान्यात कामाला लागला. खेळाची त्याला विशेष आवड नव्हती. १९४१ साली कारखान्याने धावण्याची शर्यत योजली आणि तीत भाग घेण्याची आज्ञा एमिललाही झाली. आपली प्रकृती धावण्याजोगी नाही, असे सांगून त्याने सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. परंतु तपासणीत तो निरोगी ठरला आणि त्याला धावावेच लागले. सुमारे शंभर स्पर्धकांमध्ये त्याचा दुसरा क्रमांक आला! स्वतःविषयीचा आपला अंदाज किती चुकीचा होता, हे त्या दिवशी त्याला प्रथमच कळले.

तेव्हापासून तो मनापासून सराव करू लागला. केवळ लांबवर संथपणे धावत राहण्याऐवजी त्याने निराळी पद्धत अंगीकारली. चारशे मीटर वेगाने धावायचे, थोडे अंतर सावकाश पळत दम घ्यायचा आणि पुन्हा वेगाने धावायचे. ही आवर्तने त्याने क्रमाक्रमाने वाढवली. प्रारंभी वीस, तर पुढे एका दिवसात चाळीस आवर्तने तो करू लागला. चाळीस आवर्तने म्हणजे वेगाने धावलेले अंतरच सोळा किलोमीटर होते! सैन्यात दाखल झाल्यावर दिवसभराची कामे आटोपून तो अंधारात, बर्फातून, पायांत जड लष्करी बूट घालून धावत असे. हा सराव अतिरेकी आहे, असे अनेक जाणकारांचे मत होते. धावताना त्याची मान डोलत असे आणि चेहरा वेदनेने पिळवटल्यासारखा दिसे. लोक त्याच्या या धावण्याला हसत. परंतु त्याने त्याची पर्वा केली नाही.

या सरावामागे एक साधा विचार होता. कष्टाची भीती कष्टाची सवय झाल्यानेच जाते. आज दहा आवर्तने पूर्ण केलेल्या माणसाला उद्या अकरावे अशक्य वाटत नाही. शर्यतीतील कसोटीपेक्षा सरावातील कसोटी अधिक कठीण असली, तर शर्यतीच्या दिवशी मन डगमगत नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एमिलने दहा हजार मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पाच हजार मीटरच्या शर्यतीत मात्र तो बराच मागे पडला होता. शेवटच्या फेरीत त्याने सर्व बळ एकवटून मुसंडी मारली आणि केवळ दोन दशांश सेकंदाने त्याचे सुवर्णपदक हुकले. अंतिम रेषा पार होईपर्यंत हार मानू नये, हा धडा या पराभवाने दिला.

तो धडा १९५२ साली हेलसिंकी येथे फळाला आला. याच ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. एमिलने प्रथम दहा हजार मीटरची शर्यत जिंकली. पाच हजार मीटरच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत तो चौथ्या स्थानावर मागे पडला. परंतु अखेरच्या वळणावर सर्वांना मागे टाकून त्याने सुवर्णपदक पटकावले. त्याच दिवशी त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर तीनच दिवसांनी एमिल मॅरेथॉनसाठी उभा राहिला. बेचाळीस किलोमीटरांहून अधिक अंतराची ही शर्यत तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. वेगाचा अंदाज यावा म्हणून तो जिम पीटर्स या नामांकित ब्रिटिश धावपटूच्या बरोबरीने धावू लागला. पुढे पीटर्स थकून शर्यतीबाहेर पडला. एमिल मात्र थांबला नाही. २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत त्याने अंतिम रेषा ओलांडली. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकण्याचा पराक्रम आजवर दुसऱ्या कोणालाही साधलेला नाही.

पुढचे आयुष्यही त्याची परीक्षा पाहणारे ठरले. १९६८ साली सोव्हिएत सैन्य आपल्या देशात घुसले, तेव्हा त्याने उघड विरोध केला. परिणामी लष्करातील पद गेले आणि कित्येक वर्षे त्याला अंगमेहनतीची कामे करावी लागली. २००० साली प्राग येथे त्याचे निधन झाले.

जो तरुण एका शर्यतीतून सुटका शोधत होता, तोच पुढे जगातील श्रेष्ठ धावपटू झाला. शंका त्याच्याही मनात होती; तिला त्याने शब्दांनी नव्हे, तर रोजच्या एकेका आवर्तनाने उत्तर दिले. आत्मविश्वास कोणी जन्मतः घेऊन येत नाही. तो रोज थोडा थोडा कमवावा लागतो, हेच एमिल झाटोपेकचे जीवन आपल्याला सांगते.