शब्दांची मुळं खणत धुळ्यात मुक्काम ठोकलेले इतिहासाचार्य राजवाडे

नंदुरबारमधल्या स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही क्लासमध्ये डोकावा, इंग्रजीच्या तासाला एक युक्ती हमखास शिकवली जाते. शब्द पाठ करू नका, त्याचं मूळ पकडा. ‘पोर्ट’ म्हणजे लॅटिनमध्ये वाहून नेणं. मग एक्सपोर्ट म्हणजे बाहेर नेणं, इम्पोर्ट म्हणजे आत आणणं, ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडे पोचवणं. एका मुळात चार-पाच शब्द खिशात.

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. संस्कृतात ‘हृ’ हा धातू घ्या आणि पुढे उपसर्ग लावत जा. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. गंमत म्हणजे ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाघराण्यातल्या. त्यामुळे पेरिमीटरमधला ‘पेरि’ आणि परिमितीतला ‘परि’ हे चुलतभाऊच. अनॉनिमस आणि अनामिक यांचंही तसंच.

पण मराठीच्या मुळांचं काय? हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभर धरून ठेवला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, म्हणजेच इतिहासाचार्य राजवाडे.

राजवाडेंचा जन्म १८६३ चा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. शिक्षण पुण्यात, १८९१ ला बी. ए. काही काळ मास्तरकी केली, पण नोकरीत ते रमले नाहीत. पत्नी लवकर वारली, पुन्हा लग्न केलं नाही. ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं, प्लेटोचं ‘रिपब्लिक’ मराठीत आणलं. इंग्रजी उत्तम यायची, पण लिहायचं ते मराठीतच, हा हट्ट.

मग सुरू झाली पायपीट. गावोगावच्या वाड्यांमध्ये धूळ खात पडलेली दप्तरं शोधायची, मालकाची मनधरणी करायची, कागद उतरवून घ्यायचे. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी राहिली. पहिला खंड १८९८ चा, एकूण खंड २२. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळही त्यांनीच १९१० ला स्थापन केलं.

या कागदांमध्ये लढाया आणि तह तर होतेच, पण राजवाडेंची नजर शब्दांवरही अडकायची. जुन्या पत्रात फारसी शब्द किती, मराठी किती, यावरून कोणत्या काळात कोणाचा वरचष्मा होता हे ते ताडायचे. दस्तऐवज जळतो, वाळवी खाते, पण रोज तोंडात असलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून त्यांच्यासाठी शब्द हासुद्धा पुरावाच होता. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या मराठीचं व्याकरण मांडलं ते याच ओढीने. (थोरले बंधू वैजनाथ यास्काच्या निरुक्ताचे अभ्यासक, म्हणजे तेही व्युत्पत्तीच्याच वाटेवरचे. घराण्यातच होतं म्हणायचं.)

मराठी धातूंचं काम मात्र किचकट. कारण आपल्या शब्दांतले उपसर्ग झिजून झिजून दिसेनासे झालेत. ‘बसणे’ या साध्या शब्दामागे ‘उप’ आणि ‘विश्’ आहेत, पण त्यातला ‘उ’ केव्हाच गळून पडला. ‘ओळखणे’ म्हणजे ‘उपलक्ष्’. ‘पावणे’ म्हणजे ‘प्र’ आणि ‘आप्’. ‘नेसणे’ म्हणजे ‘नि’ आणि ‘वस्’. इंग्रजीतही हेच झालंय. लॅटिन ‘कॉम्प्युतारे’पासून कॉम्प्युटर आला, आणि तोच शब्द फ्रेंचमधून घासून येता येता ‘काउंट’ झाला. तिथला ‘कॉम’ हा उपसर्ग आता कोणाला दिसतो?

पुण्यातल्या मंडळींशी राजवाडेंचं फाटलं. स्वभाव तापट, तडजोड ठाऊक नाही. अखेरच्या काळात त्यांनी धुळे गाठलं. तेव्हा धुळे हे पश्चिम खानदेश जिल्ह्याचं मुख्य ठाणं, आणि नंदुरबार, शहादा, तळोदा हे सगळं त्याच जिल्ह्यात. (नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ ला.) इथे धातूंचं काम चालू राहिलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. जवळपास प्रत्येक शब्द संस्कृतपर्यंत नेऊन भिडवायचा त्यांना सोस होता. कानडीसारख्या शेजारच्या भाषांकडून आपण काय उचललं याकडे त्यामुळे दुर्लक्ष झालं, आणि काही व्युत्पत्ती तर उघड ओढूनताणून आणलेल्या. पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या बऱ्याच नाकारल्या. पण खोडून काढायला तरी समोर काहीतरी लागतं, आणि एवढा मोठा साठा त्यांच्याआधी मराठीत कोणी एकट्याने जमवला नव्हता.

३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच राजवाडे गेले. कोश हस्तलिखितातच राहिला. मागे राहिले कागदांचे गठ्ठे. ते वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून धुळेकरांनी लगेच, जानेवारी १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. याच मंडळाने १९३७ मध्ये ‘राजवाडे मराठी धातुकोश’ छापला. संपादक होते कृ. पां. कुलकर्णी. पुढे १९४६ मध्ये कुलकर्णी यांचा स्वतःचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आला.